साडेपाचचं कँडललाइट डिनर

मुलानं काढलेल्या अंदमानच्या हनिमून पॅकेजात एकूण एकवीस ओळी होत्या आणि त्यातल्या वीस ओळींबद्दल कलगोंडा आप्पांची काही तक्रार नव्हती. काचेच्या तळाच्या होडीतनं मासे बघायचेत म्हणे, तर बघा म्हणाले, जिवंत मासा नुसता बघण्यात काय पाप न्हाई. किनाऱ्यावर हातात हात घालून फोटो काढायचा, तर काढा, पण घरच्या ग्रुपवर टाकू नका. विमान, बोट, वातानुकूलित खोली, खोलीतल्या पलंगावर फुलांची नक्षी, सगळं त्यांनी बोट ठेवून मोठ्यानं वाचलं आणि मान हलवत पुढं गेले. गाडी अडली ती सहाव्या ओळीवर. ‘समुद्रकिनारी रोमँटिक कँडललाइट डिनर, रात्री आठ वाजता.’

आप्पांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, परत लावला. ओळ जागची हलली नव्हती.

आता बोरगावच्या या पाटलांच्या घराचं सांगायला पाहिजे, त्याशिवाय त्या ओळीचं वजन कळायचं नाही. या जैन घरात दिवस मावळला की चूल मावळते. दिव्याच्या उजेडात वाढलेलं ताट त्या घरानं तीन पिढ्यांत बघितलेलं नाही. स्वयंपाकघराच्या दाराला निपाणीच्या एका व्यापाऱ्यानं छापून वाटलेला तक्ता टांगलेला, त्यात वर्षाचे तीनशे पासष्ट सूर्यास्त मिनिटासकट. आप्पांच्या बायको शालनआत्ती आधी तक्ता बघायच्या आणि मग कुकर लावायच्या. सहा वाजता पाहुणा आला तर त्याला आधी ताटावर बसवायचे, कुठून आलासा आणि कशाला आलासा हे नंतर. घरातला एकुलता एक मुलगा अरिहंत, निपाणीत त्याचं पंप आणि मोटारींचं दुकान. तोसुद्धा साडेपाचला गिऱ्हाईक थांबवून काउंटरमागं डबा उघडायचा. चौदाव्या वर्षी त्यानं नेम घेतला होता. एकदा कोगनोळीला मित्राच्या लग्नात वरात उशिरा पोचली, तर सगळी पंगत जेवली आणि हा रात्रभर उपाशी राहून सकाळी हसतमुखानं गाडी चालवत आला. असला तो नेम.

आणि असल्या घरात डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात सून म्हणून आली चिकोडीची राजश्री.

राजश्री तीन वर्षं बेळगावात एका लॅबमध्ये नोकरीला होती. ड्यूटी सुटायची रात्री आठला. मग खोलीवर जाऊन आंघोळ, मग मैत्रिणी, मग कॉलेज रोडच्या गाडीवर डोसा, साडेनऊ म्हणा, कधी अकरा. डोशात बटाट्याची भाजी असायची, पण ते दुसरं प्रकरण झालं, ते इथं उकरत नाही. बघायला आले तेव्हा शालनआत्तींनी सहज विचारावं तसं विचारलं, पोरगी रात्रीचं काय घेत न्हाई न्हवं? राजश्रीची आई मंगल ही बोलण्यात कुणाला हार न जाणारी बाई. “दिवस बुडाल्यावर पाण्याचा थेंबसुद्धा घेत न्हाई वो,” ती म्हणाली. पाणीसुद्धा. काय गरज होती पाण्यापर्यंत जायची? राजश्रीनं हातातल्या पोह्यांच्या ट्रेकडं बघितलं आणि तोंडाला कुलूप लावलं. तेव्हा ते उघडलं असतं तर ही गोष्टच नव्हती.

गप्प बसायला कारणही होतं. त्याआधी आलेल्या चार स्थळांनी तिला पगार विचारला होता, स्वयंपाक विचारला होता, एकानं तर चष्म्याचा नंबर विचारला होता. अरिहंत मागच्या सोप्यात बोलायला आला आणि म्हणाला, “तुम्हाला मला काय विचारायचं हाय?” आणि खरोखर उत्तराची वाट बघत उभा राहिला. तिला त्या वेळी एक प्रश्न सुचेना. पण हा माणूस तिला हवासा वाटला, आणि हवासा वाटला म्हणून ती लबाडीला मान तुकवून बसली.

मग सुरू झाली उपासमार. संध्याकाळी साडेपाचला भाकरी, आणि साडेनऊला पोटात कावळे. सासरी पहिल्या रात्री तिनं कळ काढली, दुसऱ्या रात्री काढली, तिसऱ्या रात्री साड्यांच्या घडीखालनं बिस्किटाचा पुडा काढला. खोली त्यांची स्वतंत्र होती, पण पलीकडं आप्पांची खाट आणि मधे भिंत कसली, प्लायवूडची फळी. इकडं कुणी कूस बदलली तर तिकडं आप्पा खाकरायचे. बिस्किट काही मुकाट्यानं खाल्लं जात नाही, म्हणून ती खोलीला लागून असलेल्या बाथरूममध्ये जाऊन नळ सोडायची आणि पाण्याच्या आवाजात चार बिस्किटं उरकायची. चूळ भरायची, तोंड धुवायचं, डोळ्यांत साबण जायचा, आणि बाहेर येऊन शहाण्या सुनेसारखं झोपायचं. इकडं रोज सकाळी टाकी निम्मी झालेली. आप्पांनी रवळू प्लंबरला दोनदा बोलावलं. त्यानं पहिल्यांदा वॉशर बदललं आणि दुसऱ्यांदा पाइपात हवा धरतीया म्हणून सांगितलं. आप्पांचा हवेवर विश्वास बसला नाही, पण दुसरा संशय घ्यायलाही काही नव्हतं.

नवऱ्याला सांगून टाकावं हे तिच्या मनात रोज यायचं. पण सांगायचं कधी आणि कुठं? तो सकाळी आठला निघायचा, रात्री आठनंतर यायचा, आणि मग ती प्लायवूडची फळी. कुजबुजलं तरी तिकडची खाट करकरायची. त्यातून अरिहंत बोलायला भारी कंजूष. सकाळी तिच्या तोंडाकडं टक लावून बघायचा आणि डोळं लाल दिसत्यात, झोप झाली न्हाई काय, एवढंच विचारायचा. साबण गेला, ती म्हणायची. तो मान हलवायचा. दोन रविवार त्यानं आपणहून विचारलं, चिकोडीला सोडू काय दोन दिवस? दोन्ही वेळा ती नको म्हणाली. नवी सून सारखी माहेरी गेली तर लोक काय म्हणतील, हा तिचा विचार. त्यावर त्यानं पुन्हा मान हलवली.

म्हणून सहावी ओळ ही राजश्रीच्या जिवाची ओळ होती. समुद्राचा आवाज, समोर ताट, ताटापलीकडं नवरा, आणि बोरगावचं प्लायवूड दोन विमानं आणि एक बोट दूर. तिथं अंधारात ती सांगणार होती, की तुमच्या आईला आमच्या आईनं जे सांगितलं ते खोटं, मी रात्रीचं जेवते, जन्मभर जेवत आले. उजेडात तिला ते जमणार नव्हतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. त्याच्या त्या थांबून ऐकणाऱ्या तोंडाकडं बघत खोटं कबूल करायचं म्हणजे जीभच टाळ्याला चिकटली असती. आणि ऐकून तो उठून गेला तर? नेमाच्या माणसाचा काय नेम सांगावा. पण असं चोरून आयुष्य काढण्यापेक्षा ते परवडलं, असं ती रोज नळाच्या आवाजात स्वतःला सांगायची.

आप्पांचं म्हणणं सरळ होतं. ती ओळ खोडायची. त्यांनी बेळगावच्या भावकूला फोन लावला आणि स्पीकर चालू केला, कारण आप्पांच्या मते स्पीकरवर माणूस खोटं कमी बोलतो. हा भावकू वीस वर्षं तिरुपती-रामेश्वरच्या बसा सोडायचा, बेटांच्या धंद्यात तो आत्ता उतरलेला. त्यानं सांगितलं, पॅकेज म्हंजे पॅकेज, ओळ निघत न्हाई, फार तर येळ बदलून देतो. मग दुपारी साडेचारला लावा, आप्पा म्हणाले. उन्हात मेणबत्त्या कशा दिसतील, असं भावकूनं चाचरत विचारलं. मेणबत्त्या दिसायला कशाला पाहिजेत, जेवण दिसल्याशी कारण, आणि विझल्या तर उलट चांगलंच, किडा-मुंगी तरी जळून मरायची न्हाई, असं आप्पांनी त्याला ऐकवलं. शिवाय कांदा, लसूण, बटाटा, गाजर, मुळा यांतलं काही नको. मग उरलं काय, हा प्रश्न भावकूच्या ओठावर आला असणार, पण गिऱ्हाईक मोठं होतं. जाता जाता तो एवढंच म्हणाला, की आप्पा, तिकडं अंधार लौकर पडतोय बघा.

आप्पांना हे अजिबात पटलं नाही. साऱ्या देशाला घड्याळ एकच आहे, बोरगावात सहा वाजले की दिल्लीतही सहा आणि अंदमानातही सहाच, मग सूर्य दोन कसे असतील? सूर्य काय तुझ्या पॅकेजातला हाय व्हय, असं विचारून त्यांनी फोन ठेवला.

शालनआत्ती शेंगा निवडत होत्या, त्यांनी लक्ष दिलं नाही. अरिहंत दुकानात होता. कान टवकारले ते फक्त राजश्रीनं. वाळत घातलेली कापडं काढायच्या निमित्तानं ती गच्चीवर गेली आणि मोबाइलवर बघितलं. ज्या दिवशी बेटावर पोचायचं त्या दिवशीचा तिथला सूर्यास्त, पाच वाजून अठरा मिनिटं. बोरगावचा तक्त्यातला, सहा चोवीस. ती कापडांची बोचकी मांडीवर घेऊन गच्चीच्या कट्ट्यावरच बसली. एक तास सहा मिनिटं अंधार तिच्या हातात आयता येऊन पडला होता.

संध्याकाळच्या भाकऱ्या थापेपर्यंत तिनं विचार केला. मग हात धुतले, पदर सारखा केला आणि जाऊन म्हणाली, “आप्पा, साडेचारला ऊन लई असतंय. तक्त्यात त्या दिवशी सहा चोवीस हाय. साडेपाचला बसलं तर सहापर्यंत निवांत आटपतंय की.”

आप्पा तिच्याकडं बघतच राहिले. सून आपणहून तक्ता बघते! त्यांनी तिथल्या तिथं भावकूला फोन करून साडेपाच करायला लावले, आणि दुसऱ्या दिवशी आत्तींबरोबर बस्तीत, म्हणजे जैन देवळात, दर्शनाला गेले तेव्हा तिघाचौघांना थांबवून हा किस्सा सांगितला. मुली असाव्यात तर अशा, म्हणाले. शालनआत्तींनी घरी येऊन ते सगळं राजश्रीला सांगितलं. तिला लाजल्यासारखं दिसायचं होतं आणि ती खरंच लाजेनं लाल झाली होती, त्यामुळं कुणाला काही वेगळं वाटलं नाही.

अरिहंत या साऱ्या चर्चेत नव्हता म्हटलं तरी चालेल. त्यानं एकच प्रश्न तीन वेगवेगळ्या दिवशी विचारला, “तुला जायचं हाय न्हवं? मनापास्नं?” ती तिन्ही वेळा हो म्हणाली. हनिमूनला जायचंय का असं बायकोला तीनदा विचारणारा नवरा म्हणजे जरा गंमतच, असं तिला वाटलं.

निघायच्या दिवशी आत्तींनी दशम्या दिल्या, शेंगाची चटणी दिली, चिवड्याचा डबा दिला. आप्पांनी तक्त्याच्या जानेवारीच्या पानाची झेरॉक्स काढून, तिला प्लास्टिक मारून, अरिहंतच्या खिशात घातली. राजश्रीनं बिस्किटाचा पुडा या खेपेला घेतला नाही. खोटेपणाचं सामान घरीच ठेवून चाललो, असं तिला तेवढ्यापुरतं बरं वाटलं.

बेळगावहून विमान, बेंगळूरला मुक्काम, पहाटे दुसरं विमान. दहाच्या सुमाराला विमानतळावरच्या खुर्चीत दोघांनी दशम्या खाल्ल्या, ते दिवसाचं शेवटचं खाणं ठरलं. कारण पुढं दुपारच्या बोटीत अरिहंतला असं मळमळायला लागलं की बोलायची सोय नाही. राजश्री दोन तास त्याचा हात धरून बसली. दिवसाउजेडी, चार लोकांत हात धरायची ही पहिलीच वेळ आणि त्यात त्याचं तोंड हिरवं पडलेलं, पण तिला तो हात सोडावासा वाटेना. हॉटेलवर पोचले तेव्हा सव्वाचार झाले होते. अरिहंत आडवा झाला आणि म्हणाला, पाचला उठीव.

पाचला ती पलंगाच्या कडेला बसून त्याच्याकडं बघत होती. पडद्याच्या फटीतून लांबट पिवळं ऊन त्याच्या पायावर आलं होतं. आत्ता हाक मारली तर तो बाहेर येईल, ऊन बघेल, घाई करेल, आणि दोघं मुकाट उजेडात जेवून परत खोलीत येतील. मग परत बोरगाव, परत नळ. ऊन पायावरून सरकलं, पलंगावरून सरकलं, भिंतीवर गेलं आणि विझलं. पाच वीस झाले तेव्हा तिनं त्याच्या खांद्याला हात लावला.

वाळूत चार बांबू रोवून पांढरे पडदे लावलेले. टेबलावर काचेच्या ग्लासांत मेणबत्त्या लावलेल्या, आणि गुलाबाच्या पाकळ्यांचं एक बदाम. समुद्र राखाडी झाला होता आणि आभाळात फक्त कडेला थोडा तांबूसपणा उरला होता. अरिहंतनं घड्याळ बघितलं. साडेपाच. खिशातलं पान काढलं. सहा चोवीस. मग आभाळाकडं बघितलं आणि वाढप्याला हिंदीत विचारलं, सूर्य कुठं गेला? वाढप्यानं हातानं पाण्याकडं दाखवलं. दहा-बारा मिनिटं झाली साहेब, आज फार सुंदर बुडाला, म्हणाला. त्यानं ताटं ठेवली. वरण, भात, पनीर, कोबीची भाजी, गरम रोट्या. तुपाचा वास आला आणि राजश्रीच्या पोटात अक्षरशः कळ उठली.

तेवढ्यात आप्पांचा फोन. पलीकडं अंगणात चिमण्यांचा गलका चालला होता आणि बाहेर गल्लीत पोरं ओरडून खेळत होती, म्हणजे तिकडं लख्ख ऊन असणार. बसलासा काय, आप्पांनी विचारलं. बसा, बसा, गडबड नगं, अजून पाऊण तास वर हाय. अरिहंत म्हणाला, बसलोय आप्पा. ते खरंच होतं.

त्यानं फोन ठेवला. मग समोरचं ताट वीतभर बाजूला सारलं.

“तू जेव,” तो म्हणाला. “सकाळपास्नं पोटात काय न्हाई तुझ्या. तक्त्यात बघितलं तर अजून दिवस हाय. आप्पांनीबी सांगितलंयच की.”

“आणि तुम्ही?”

“मला आभाळ दिसतंय, त्येला काय करू? तू नगं बघू. जेव.”

राजश्रीला इतकी मोकळी पळवाट कुणी कधी दिली नव्हती. सासऱ्याचा हुकूम होता, नवऱ्याची परवानगी होती, तक्ता प्लास्टिक मारून समोर पडला होता. एक घास उचलायचा, नेमही शाबूत आणि पोटही भरलेलं, आणि सांगायची काही गरजच नाही. परत आयुष्यात कधीच नाही. तिनं रोटीचा तुकडा मोडला. आणि समोर तो उपाशी बसलेला, आपण मुद्दाम वीस मिनिटं उशिरा उठवल्यामुळं उपाशी बसलेला, आणि वर तिलाच आभाळाकडं बघू नको म्हणून सांगणारा. तिला स्वतःची भयंकर लाज वाटली. तुकडा तिनं ताटात ठेवला.

आणि मग तिनं सगळं सांगितलं. पोह्यांच्या ट्रेपासून सुरुवात केली, मग बेळगावची खोली, डोशाची गाडी, बटाट्याची भाजीसुद्धा, कारण आता लपवून काय करायचं होतं? आई खोटं बोलली आणि मी गप्प बसले, म्हणजे मीच बोलले, म्हणाली. मोबाइलवर बघितलेलं पाच अठरा सांगितलं. शेवटी, पाचला उठवायचं होतं ते पाच वीसला का उठवलं तेही सांगितलं. अंधार पडला होता, त्यानं बरं झालं. मेणबत्तीच्या उजेडात त्याचं तोंड नीट दिसत नव्हतं.

“मग घरात काय करत हुतीस?” त्यानं विचारलं. “रात्रीचं?”

“बिस्किटं खायची. बाथरूममधी. आवाज ऐकू जायला नको म्हणून नळ सोडायची.”

“बिस्किटं?”

“चार. कधी पाच.”

“तू रडत न्हवतीस?”

तो टेबलावर कोपरं टेकून पुढं झाला. तिसऱ्या रात्रीपासून, तो सांगायला लागला, रोज रात्री तू उठून जायचीस, नळ सुरू व्हायचा, आणि मी अंधारात पलंगाच्या कडेला बसून ऐकायचो. लाल डोळं घेऊन यायचीस. मला वाटायचं, पोरीला बळंच उजवलंय. तिच्या मनात दुसरं कायतरी हाय, नाहीतर मीच आवडलो न्हाई. कुणाला विचारणार? आईला विचारलं तर आप्पांच्या कानावर. तुला विचारलं तर फळीच्या पलीकडं. म्हणून हे बेट काढलं. इथं आणून तुला सरळ विचारायचं, आणि तू परत जायचं म्हणालीस तर चिकोडीला स्वतः सोडून यायचं, आणि चूक माझीच म्हणून दोन्ही घरांत सांगायचं. हे सगळं मी दुकानात मोटारींची खोकी मोजताना पाठ केलंय, म्हणाला. दीड महिना.

आणि तो हसायला लागला. खो-खो नाही, नुसते खांदे हलत होते, आणि हसता हसता त्यानं टेबलावरच्या कागदी रुमालानं डोळे पुसले. राजश्रीला हसू येत होतं आणि रडूही येत होतं. आणि या माणसानं आपल्यासाठी दीड महिना झोप घालवली, याचा तिला इतका आनंद झाला की आपण त्याला फसवलं हेसुद्धा ती क्षणभर विसरली.

तो मात्र विसरला नव्हता. हसणं थांबल्यावर म्हणाला, “पाच वीसचं मला आवडलं न्हाई. मला विचारायचं हुतंस.”

“कुठं विचारणार? प्लायवूडला?”

त्यानं तिचं ताट तिच्यापुढं ढकललं आणि स्वतःच्या ताटातल्या रोट्याही तिच्या ताटात ठेवल्या. स्वतः एक कणसुद्धा तोंडात घातला नाही. ती जेवू लागली, आणि तो तिला वाढू लागला, वरण आणखी घे, पनीर घे, भात गार होतोय. कुणीतरी समोर बसून रात्रीचं जेवायला वाढावं, हे तिला लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच मिळत होतं. घरी गेल्यावर नळ सोडू नगंस, तो मधेच म्हणाला, टाकी निम्मी झाली की मोटर चालू करायला आप्पा मला पहाटे उठवत्यात, आणि तो रवळू उगंच दोनदा पाइप खोलून गेला. मग काय करू, तिनं विचारलं. आमच्या दुकानात चिरमुरं मिळत न्हाईत, पण शेजारी मिळत्यात, तो म्हणाला. चिरमुरं वाजत न्हाईत.

सहा दहाला परत फोन वाजला. आप्पांचाच. काही महत्त्वाचं विचारायचं असलं की आप्पा मराठी सोडून कन्नडात शिरत.

“ऊटा आयता?” जेवण झालं का, एवढंच. आणि लगेच परत मराठीत, “सून दिवस हाय तवर जेवली न्हवं?”

राजश्रीचा हात ताटातच थांबला. तोंडात घास तसाच. आजूबाजूला मिट्ट काळोख, समुद्र दिसतही नव्हता, नुसता ऐकू येत होता. हा माणूस आप्पांशी आजवर खोटं बोलल्याचं तिच्या ऐकण्यात नव्हतं. बोलेल असं तिला वाटतही नव्हतं, आणि त्यानं बोलू नये असंच तिला मनापासून वाटलं.

अरिहंतनं जरा विचार केला. “आप्पा,” तो म्हणाला, “तिथं ऊन हाय काय अजून?”

“हाय की. कट्ट्यावर हाय. का रं?”

“मग दिवस हाय तवरच जेवाय लागलीया ती.”

शाब्बास, आप्पा म्हणाले, आणि फोन ठेवला. अरिहंतनं ते प्लास्टिक मारलेलं पान मेणबत्तीजवळ धरलं, घड्याळाशी ताडून बघितलं आणि ताटाशेजारी ठेवून दिलं.

“चौदा मिनिटं हायती अजून,” तो म्हणाला. “सावकाश खा.”